एका स्टुलाचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून इथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीचे पहिले खजिनदार. पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर दहा मिनिटं बोला." वाटचालीवर बोलायचं तर बोअर कधी मारली, लिफ्ट कधी बसवली, गळती कितीदा काढली हे सगळं अहवालात छापलेलं आहे. ते परत वाचून दाखवलं तर तुम्ही मनातल्या मनात मला खाली बसवाल. म्हणून मी एकाच वस्तूवर बोलणार आहे. ती वस्तू आत्ता इथेच आहे. व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात, पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या-भांडं जिच्यावर ठेवलंय ते हे लाकडी स्टूल.

हसू नका. मी छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. कागदाशिवाय बोलत नाही. सोसायटीच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पहिल्याच पानावर नोंद आहे: "लाकडी स्टूल, १ नग, रु. ४००." नोंद माझ्याच अक्षरातली. आपण फर्निचरवर दरसाल दहा टक्के घसारा धरतो, तोही घटत्या शिल्लकेवर. पंचवीस वर्षांचा घसारा वजा जाता मार्चअखेर या स्टुलाची पुस्तकी किंमत किती राहते? २८ रुपये ७२ पैसे. एवढ्या पैशात आज दोन माणसांचा चहा व्हायचा, तोही टपरीवरचा.

आणि आता गंमत अशी की रंगरंगोटीच्या निमित्ताने संचालक मंडळाने निकामी सामानाची जी यादी केलीय, त्यात अकरावा नंबर आहे: "स्टूल, जुने, १ नग." यात कुणाचं काही चुकलेलं नाही. यादी रजिस्टरवरूनच केली जाते. २८ रुपयांच्या वस्तूला कोण जपून ठेवणार? पण रजिस्टरमध्ये एक गोष्ट नाही, ती आज सांगायला मी उभा आहे. त्या ४०० रुपयांत फक्त सुताराची मजुरी आणि पॉलिशचा खर्च आहे. लाकडाची किंमत त्यात नाही, कारण लाकूड विकत घेतलेलं नव्हतं. ते इथलंच होतं.

नवीन सभासदांना कदाचित ठाऊक नसेल, आपली इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे एक दुमजली वाडा होता. पुढे सोपा, आत माजघर, मागे परडं, परड्यात आड. कडीपाटाचं छत, वर कौलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, दुरुस्ती कुणाला एकट्याला झेपेना, एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि मग वाडा पाडायचं ठरलं. पाडताना जुन्या लाकडाचा व्यापारी आधी येतो. ज्यांनी वाडे पाडलेले पाहिलेत त्यांना माहीत आहे, दगड-विटांना कुणी विचारत नाही, पण तुळया, कड्या, खांब, चौकटी यांचा सौदा अगोदर होतो. खांब ट्रकमध्ये चढले, दिंडी दरवाजा गेला, कड्या मोजून गेल्या. मागे राहिले दोन-तीन तुकडे. भिंतीत जे तुळईचं टोक असतं त्याला वर्षानुवर्षं ओल लागते, तिथे वाळवी शिरते. व्यापाऱ्याने असं खराब टोक करवतीने कापून टाकून दिलं आणि चांगली तुळई घेऊन गेला. म्हणजे वाडा टाकाऊ ठरला आणि त्यातलंही हे टाकाऊ.

वाड्यातल्या आजींना तळमजल्यावर फ्लॅट मिळाला. आपण सगळे त्यांना आजीच म्हणत होतो. त्या मला म्हणाल्या, "खजिनदार, फ्लॅट झ्याक आहे, पण सोपा कुठाय? संध्याकाळी मी बसायचं कुठं?" आता सोप्याची नोंद नकाशात नव्हती. बिल्डिंगच्या चौकटी बसवायला आलेले मिस्त्री तिथेच काम करत होते. त्यांनी ते टाकून दिलेलं टोक पायाने उलटं केलं, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "सायेब, ह्ये सागवान हाय. वरचं मेलंय, आतलं न्हाई."

पुढचे तीन दिवस मी बँकेतून सुटल्यावर ते काम बघायला उभा राहायचो. मला त्यातलं काही येत नाही, पण बघायला आवडतं. जुन्या लाकडाचं काम नव्यापेक्षा वेगळं असतं, हे मला तिथे कळलं. पहिली भीती खिळ्यांची. शंभर वर्षांत त्या तुळईला कुणी कंदील टांगला असेल, कुणी पाळणा, कुणी तोरण. खिळ्याचं डोकं झडून जातं आणि अंग आत राहतं. रंधा त्यावर गेला की पात्याला दात पडलाच. मिस्त्रींनी एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं. ते लाकडावरून सावकाश फिरवायचे, चिकटलं की तिथे खडूने फुली. सात फुल्या पडल्या. सातही खिळे पटाशीने कोरून काढले. या पाटावर अजून काळे-निळे डाग दिसतात, मुलांना वाटतं शाई सांडली. ती शाई नाही. लोखंड आणि लाकडातला रस यांची ओल लागून जी क्रिया होते, तिचे ते डाग. पॉलिशने ते जात नाहीत, जाऊही नयेत.

दुसरं काम वाळवीने खाल्लेला भाग काढण्याचं. सागाचा बाहेरचा पांढुरका भाग कीड खाते. आतला तांबूस गाभा मात्र खात नाही, कारण त्यात तेल असतं आणि कीड-वाळवीला न मानवणारे घटक असतात. कोवळ्या झाडात गाभा कमी, पांढुरकं जास्त. म्हणून आज लवकर तोडलेल्या सागाची चौकट दहा वर्षांत भुसा टाकते आणि आजोबांच्या काळचा दरवाजा अजून खणखणीत असतो. लाकूड एकच, वय वेगळं. त्या दीड हात टोकातून खाल्लेलं सगळं तासून टाकल्यावर जेमतेम एवढा पाट निघाला. चौदा इंच लांब, अकरा इंच रुंद, दीड इंच जाड. पाय निघाले एका तुटक्या कडीतून.

जुन्या लाकडाचा आणखी एक गुण. नवं लाकूड जिवंत माणसासारखं फुगतं, आक्रसतं, वाकतं. त्यातलं पाणी निघून जायला वेळ लागतो. तोपर्यंत सांधा केला की सांधा उघडतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाथरूमचे दरवाजे जुलैत लागत नाहीत आणि मार्चमध्ये फट पडते, ते लाकडाच्या याच फुगण्या-आक्रसण्यामुळे. या तुळईने तिचं काय फुगायचं-वाकायचं ते वाड्याच्या छतातच उरकून घेतलं होतं. मिस्त्रींच्या भाषेत, "हिचा राग कवाच शांत झालाय."

आता हे स्टूल उलटं करून बघा. कार्यक्रमानंतर बघा, आत्ता तांब्या आहे वर. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही. पायाच्या वरच्या टोकाला कुसू काढलंय, ते पाटाच्या भोकातून आरपार वर आलंय, टोकाला चीर देऊन त्यात पाचर ठोकलीय. पाचर पाटाच्या रेषांना आडवी आहे. उभी ठोकली असती तर पाट चिरला असता. खालच्या आडव्या पट्ट्यांना बांबूच्या मेखा आहेत. चारी पाय जरा बाहेर झुकलेले, म्हणून कुणी कडेला बसलं तरी उलटत नाही. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं स्टूल मात्र एक पाय दोन सूत कमी झाला तरी डुगडुगतं. आपल्या सोसायटीचंही तसंच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तीन पायांवर गाडा कसाबसा उभा राहतो. चौथा पाय सभासदांचा. तो वार्षिक सभेला आला नाही की डुगडुग सुरू. (हशा)

आपल्याकडे लाकडाची ही कदर आजची नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातलं, रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेलं मानलं जाणारं आज्ञापत्र तुमच्यातल्या काहींनी शाळेत वाचलं असेल. त्यात आरमारासाठी लाकूड कसं आणावं याची सूचना आहे. सागासारखी झाडं तोडायची ती परवानगी घेऊन. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावायचा नाही, कारण ती एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडायचं. बळजबरी करायची नाही. आरमाराची गरज असतानाही झाडामागचा माणूस आधी बघितला. मला हे वाचताना नेहमी वाटतं, ज्याने हे लिहिलं त्याने एखादं झाड लावून वाढवलेलं असणार.

आणि परदेशातही हेच. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसमधलं ते मोठं टेबल तुम्ही टीव्हीवर बघता. ते 'रेझोल्यूट' नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडाचं आहे. जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं, खलाशांनी सोडून दिलं, अमेरिकनांना सापडलं, त्यांनी ते दुरुस्त करून इंग्लंडला परत दिलं. पुढे ते मोडीत निघालं तेव्हा राणी व्हिक्टोरियाने त्याच्या लाकडाचं टेबल करून १८८० मध्ये अमेरिकेला भेट पाठवलं. आपल्या सागाचंही असंच एक उदाहरण आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षं उलटून गेली. तेव्हा आपलं स्टूल पंचवीस वर्षांत "जुने" ठरवताना जरा विचार करायला हवा.

आता या स्टुलाने आपल्याकडे काय काय केलं ते थोडक्यात सांगतो.

आजींचा सोपा म्हणून ते जिन्याशेजारी आलं. रोज संध्याकाळी पाच ते सात आजी त्यावर. कोण कामावरून उशिरा आलं, कुणाचं पोर रडत आलं, कुणाकडे पाहुणे आले, सगळी नोंद त्यांच्याकडे. सीसीटीव्ही आपण फार पुढे बसवला, त्याआधी आजी होत्या. आणि सीसीटीव्ही कुणाला "जेवलास का रे?" असं विचारत नाही. आजी २०११ मध्ये गेल्या. त्यानंतर स्टूल वॉचमनमामांकडे आलं, मीटरबॉक्स बघायला उपयोगी पडलं, गणपतीच्या माळा लावायला, पंधरा ऑगस्टला उंची कमी पडणाऱ्या पोरांना भाषण करायला. आज इथे इंजिनिअर म्हणून बसलेल्या दोघांनी पहिलं भाषण याच्यावर उभं राहून केलंय आणि मध्येच विसरलेत, हेही मला आठवतंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने काय केलं हे आपण कुणीच विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्याही वर. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्याला दर पुरात घरं सोडावी लागतात, तसा पूर आपल्या दारात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आपण चिखल काढला तेव्हा गेटबाहेर काय ढीग लागला होता आठवतो? भुशाच्या बोर्डाची कपाटं, टीव्ही युनिटं, पलंगांचे खण. पावासारखं फुगून आलं होतं सगळं. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने चिकटवलेला. पाणी आत शिरलं की भुसा फुगतो, सांधा सुटतो, आणि मग सुताराच्या हातात धरायला काही राहत नाही. हे स्टूल जिन्याखाली चिखलात उलटं पडलेलं सापडलं. वॉचमनमामांनी धुतलं, उन्हात न ठेवता सावलीत चार दिवस वाळवलं. पॉलिश पांढरं पडलं. बाकी काही झालं नाही. पाचरही हलली नाही.

मग २०२०. त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज जरा खाली येतो. पहिल्या घरात ताप निघाला तेव्हा ते घर बंद झालं. डबा द्यायचा कसा? खाली ठेवावा तर मांजरं. कुणीतरी हे स्टूल वर नेऊन त्यांच्या दाराबाहेर ठेवलं. मजल्याप्रमाणे पाळी लागली. डबा स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची, चार पावलं मागे यायचं. दार उघडायचं, डबा आत जायचा. लांबूनच हात जोडायचे. त्या वर्षभरात हे स्टूल पाच दारांपुढे उभं राहिलं. त्यातल्या एका घरातले आपले काका दवाखान्यातून परत आले नाहीत. तेराव्यापर्यंत त्यांच्या दारापुढचं स्टूल कुणी हलवलं नाही, आणि दोन्ही वेळचा डबा चुकला नाही. वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगतोय. त्या म्हणाल्या, "जरूर सांगा. पोरांना कळू दे."

आता मुद्द्यावर येतो. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. तिशी जवळ आली की पुनर्विकासाची कुजबुज सुरू होते. आपल्याकडेही जिन्यात सुरू झालीच आहे, मला ऐकू कमी येतं तरी तेवढं येतं. (हशा) मी त्याच्या विरोधात नाही. वाडा पडला म्हणून आपण इथे आलो, उद्या ही इमारत पडली तर कुणीतरी नवं येईल. पण मला एक प्रश्न पडतो. वाडा पडला तेव्हा त्यातून ट्रकभर लाकूड निघालं, ते कुठल्या तरी घराच्या दारात, पलंगात अजून काम करतंय. अगदी टाकून दिलेल्या टोकातूनही हे स्टूल निघालं. आपली इमारत पडेल तेव्हा काय निघेल? सळ्या किलोवर जातील, काँक्रीट भरावात जाईल, आणि घरातलं फर्निचर? त्यातून एका स्टुलाएवढं तरी धड लाकूड निघेल का?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. भाषणात विनंती करतोय, सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव मांडीन.

पहिली, यादीतला अकरावा नंबर वगळावा. स्टुलाला वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून जवसाचं तेल लावावं, एवढाच त्याचा मेंटेनन्स. वाटीभर तेल पुरतं.

दुसरी, घरात जुनं सागवान असेल, आजोळचा पाट असेल, मोडका चौरंग, खुराड्यासारखा वाटणारा पलंग असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या सुताराला दाखवा. नखाने खरवडून बघा. आतून तांबूस रंग आणि तेलकट वास आला तर जीव आहे. बारीक छिद्रांतून ताजी पिवळी भुकटी पडत असेल तर कीड चालू आहे, ते आधी औषध लावून वेगळं ठेवा. आणि सुताराला खिळ्यांची कल्पना द्या, त्याच्या पात्याचा पैसा त्याच्या खिशातून जातो.

तिसरी, स्टुलाच्या खालच्या बाजूला चार ओळी कोरून घ्याव्यात: लाकूड कुठल्या वाड्याचं, कोणत्या वर्षी केलं, कोणत्या पुरातून वाचलं. आपल्यानंतर रजिस्टर कुठे जाईल सांगता येत नाही. बँकेतली जुनी लेजरं दहा वर्षांनी कशी नष्ट करतात ते मी जवळून पाहिलंय. लाकडावर लिहिलेलं जास्त टिकेल.

मिस्त्रींचा पत्ता आता माझ्याकडे नाही. त्यांनी मजुरी घेताना व्हाउचरवर सही केली, ती मात्र फायलीत आहे. कारागिराची सही असलेलं आपल्या सोसायटीतलं बहुधा हे एकच व्हाउचर. बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टरची.

शेवटी जुन्या सवयीने ताळेबंद मांडतो. डाव्या बाजूला मजुरी व पॉलिश ४०० रुपये. उजव्या बाजूला पुस्तकी किंमत २८ रुपये ७२ पैसे. बाकीची रक्कम कुठे गेली असं ऑडिटरने विचारलं तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांना याच्यावर बसवीन आणि सविस्तर सांगेन.

समोर जेवणाचा वास सुटलाय, पोरांची सतरंजी हलायला लागलीय.